थांबलेली पाती

दळणाचा डबा गिरणीत ठेवला आणि वीज गेली. ती येईपर्यंत पाय मोकळे करावेत म्हणून पठारावर चढलो. वर वारा असा की शेळ्या राखणाऱ्या सखूमावशींच्या डोक्यावर पदर ठरत नव्हता. त्यांच्या मागे पवनचक्क्यांची रांग मात्र ढिम्म उभी होती. एकही पातं हलत नव्हतं.

"बिघडल्यात का?" मी फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं.

"छे! वरून बंद करायला सांगितलंय. दुपारी सोलरचीच वीज लई तयार होते. तारांना पेलत नाही."

'वरून' म्हणताना त्यानं बोट आभाळाकडे केलं. तिथून तर नुसता वारा येत होता.

त्याचं खरंही असेल. नव्या तारा टाकायला कुणाची तरी सही अडली असेल. पण वर वीज नकोशी झाली आणि खाली गिरणी बंद, हे एकाच दुपारी कसं? इतकं तयार उत्तर ऐकलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

या चक्क्या आल्या तेव्हा गावात बोलवा होती, की पाती ढग पळवतात. मी शाळेत मास्तर. सखूमावशींना मी वाऱ्याचं शास्त्र समजावलं होतं आणि मनातल्या मनात हसलोही होतो.

आज त्या आमचं बोलणं ऐकत होत्या. काठी टेकत जवळ आल्या.

"मास्तर, ही ढग पळवत न्हाईत, तुम्हीच म्हणाला हुता न्हवं?"

"हो."

"मग ईज कोण पळवतंय?"