बर्फाच्या गावातला हिरवा ठिपका

नाताळची सुट्टी लागली की मला खेळ सुचतात, आणि तेही बर्फाचे. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीच्या खोक्यात, तिला डिसेंबर उजाडला की मोबाइलवर घसरगाडी हाकायची हुक्की येते. गाडीला सांबरं जुंपलेली, वर लाल डगल्यातला म्हातारा, खाली घरांची धुराडी. धावत्या गाडीतून त्या धुराड्यांत भेटवस्तू टाकायच्या. नेम चुकला की म्हातारा हिरमुसतो. हा माझा सर्वांत आवडता खेळ, कारण यात थांबता येत नाही. मला एका जागी बसवतच नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवाने खाली सोडली.

दुसरा बेकरीचा. बाहेर बर्फ पडतोय, दुकानात नाताळचे केक भाजायचे, दारात गिऱ्हाइकं उभी. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल बदाम, आणि उशीर झाला की तो एकेक करून विझतो. हा मी दात-ओठ खाऊन खेळते. नवरा विचारतो, दिवसभर अलिबागला कचेरीत काउंटरवर तू हेच करतेस, मग सुट्टीतही तेच कशाला? त्याला काय सांगणार, इथल्या गिऱ्हाइकांवर ओरडता येतं.

तिसरा खेळ माझ्या धाकट्या भावाचा. त्यात एक बर्फाळ गाव असतं आणि करायचं म्हटलं तर काहीच नसतं. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून नाताळापर्यंत रोज एक खिडकी उघडायची. आतून कधी कंदील निघतो, कधी मेंढी, कधी गिरमिटासारखा वळलेला साखरेचा दांडा. तो आपल्या गावात मांडायचा आणि उद्याची वाट बघायची. एक दिवस जरी चुकला तरी साखळी तुटते आणि शेवटची मोठी खिडकी उघडत नाही. मला हा खेळ सोसत नाही. तरी मी तो फोनवर ठेवलाय, भावासाठी.

आम्ही रेवदंड्याचे, कोळी. खाडीच्या पलीकडे कोर्लई, तिथल्या ख्रिस्ती घरांवर नाताळात तारे लागतात ते आमच्या गच्चीवरून दिसतात. बाकी नाताळ आमच्या घरात आला तो टीव्हीला जोडायच्या खेळातून. वडिलांनी मुंबईहून आणलेल्या त्या डब्याच्या एका कॅसेटमध्ये बर्फावरून उड्या मारणारा म्हातारा होता. मी बटणं बडवत सुटायची आणि पहिल्याच खड्ड्यात पडायची. भाऊ मात्र उडी मारायच्या आधी बघत बसायचा. एकदा बघता बघता म्हणाला, एवढा बर्फ फुकट पडलाय आणि एकानेही मासळी ठेवलेली नाही. वडील जेवताना हसले ते ठसका लागेपर्यंत.

आता तो स्वतःच्या बोटीचा तांडेल आहे, म्हणजे कप्तानच. आठ-आठ दिवस समुद्रात असतो. साहजिकच त्याची साखळी दर वर्षी तुटते. मी एकदा म्हटलं, मला तुझा पासवर्ड दे, मी उघडत जाईन तुझ्या खिडक्या. तर म्हणाला, दुसऱ्याने उघडली तर ती माझी कशी? तुटली तर तुटली. आहे हा असा.

पण त्या खेळाने आमच्या घराला एक सवय लावली. कोणी खेळ उघडला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. बोट किनाऱ्याच्या टप्प्यात आली की भावाचा फोन रेंज पकडतो, आणि घरी फोन करायच्या आधी हा पठ्ठ्या गाव बघायला खेळ उघडतो. मला अलिबागला कचेरीत ठिपका दिसतो, मी आईला फोन करते, आई टोपल्या घेऊन धक्क्यावर हजर. बोटीवर वायरलेस आहे, पण आईचा विश्वास ठिपक्यावर. ती त्याला दिवा म्हणते. डिसेंबरात रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न तोच, दिवा लागला का गो?

गेल्या वर्षी दिवा लागेना.

नाताळच्या आधी बोट परत यायची होती. त्या आठवड्यात पर्यटक लोटतात, पापलेट-सुरमईला मागाल तो भाव मिळतो, कोणी मुद्दाम समुद्रात राहत नाही. शिवाय भावाच्या खलाशांतला एक कोर्लईचा, त्याला सणाला घरी पोचायचंच होतं. बरोबर गेलेल्या बाकी बोटी आल्या. त्यांनी सांगितलं, उत्तरेचा वारा वाढला तेव्हा तुमची बोट आमच्या दक्षिणेला होती, मग वायरलेसवर आवाज बंद झाला. मी रजा टाकली, नवऱ्याला स्वयंपाकघर दाखवून दिलं आणि रिक्षाने माहेर गाठलं.

वडील आता नाहीत, घरात आई आणि भावजय. आई सुकी मासळी उलटीपालटी करत होती, जी उलटायची काही गरज नव्हती. भावजय दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, मुरुडकडची, मुळात कमी बोलणारी. त्या दिवसांत तर तिचा आवाजच ऐकू येईना. पहाटे उठून धक्क्यावर जायची, यायची, पुन्हा जायची. मला तिचा राग यायचा, का ते तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा माझी तगमग सगळ्यांना दिसत होती आणि तिची दिसत नव्हती म्हणून.

मी काय करत होते? खेळत होते. लोकांना विचित्र वाटेल, पण हातांना काहीतरी हवं होतं. घसरगाडी घेतली की धुराडी चुकत होती. बेकरी घेतली की केक करपत होते. दर दोन मिनिटांनी भावाचं गाव उघडून बघायचं, ठिपका राखाडी. पर्यटकांच्या गर्दीत मोबाइलची रेंज मेलेली असते, म्हणून गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहायचं, हात वर करायचा, पुन्हा खाली. आई एकदाच ओरडली, बस कुठंतरी, जिना झिजेल. मी बसले आणि परत उठले.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर ठरलं की आता शोधायला निघायचं. दोन बोटी तयार झाल्या, डिझेल भरलं, पाणी चढवलं. दुपारची भरती साधायची होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली आहे, पाणी उतरलं की मोठी बोट बाहेर पडू शकत नाही. मग पुढची भरती थेट पहाटेची. मी धक्क्यावर गेले, तिथे उभं राहवेना म्हणून घरी आले, गच्चीवर चढले आणि खेळ उघडला.

ठिपका हिरवा होता.

मी जिना उतरले की उडी मारली ते आठवत नाही. आईला म्हटलं, दिवा लागला. आईने हातातली मासळी टाकली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, इतके दिवस न रडलेली. मी तशीच अनवाणी धक्क्यावर पळाले आणि ओरडत सुटले की आला, टप्प्यात आला. लोकांनी मला पाणी पाजलं. आमच्या घरचा दिवा सगळ्या पाड्याला माहीत होता, कोणी उलटून विचारलं नाही. भावाला फोन लावला तर तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पण नाताळच्या आठवड्यात शेजारच्या घरातही फोन लागत नाही, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. शोधाला निघालेल्या माणसांनी इंजिनं बंद केली. डिझेल फुकट गेलं नाही म्हणून कोणी चहा सांगितला.

घरी आले तर आईने तांदूळ निवडायला घेतले होते आणि शेजारणी दारात होत्या. आई भावजयीला सांगत होती, त्याला आवडतो तसा कोलंबीचा रस्सा कर. भावजय नारळ खोवत बसली होती. मान खाली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती हसली, मला तसं वाटलं.

मी पुन्हा गच्चीवर. ठिपका विझला होता. असेल, रेंज गेली असेल. मी पाण्याकडे डोळे लावून उभी राहिले. एक शीड नाही, एक डोलकाठी नाही. पाणी उतरायला लागलं होतं. मागून पावलं वाजली आणि भावजय आली, हाताला खोबरं तसंच.

"ताई, तो दिवा माझा हाय," ती म्हणाली.

मला कळलंच नाही. मग तिने थांबत थांबत सांगितलं. मागे भावाचा फोन बिघडला तेव्हा त्याने आपल्या नावाने खेळ तिच्या फोनवर चालू केला होता, तो तसाच राहिलेला. त्या खेपेला तो समुद्रावर गेल्यापासून ती रोज त्याची खिडकी उघडत होती. त्याची साखळी तुटू नये म्हणून. त्याला एकदा तरी शेवटची खिडकी मिळावी म्हणून. मी ठिपका बघते हे तिला माहीत होतं, म्हणून सगळं पहाटे करायची, मी उठायच्या आत. त्या दिवशी पहाटेपासून ती धक्क्यावर होती, राहून गेलं. दुपारी तिला वाटलं मी धक्क्यावर आहे, तर परसात जाऊन उघडली.

मी तिचा दंड धरला. घट्ट धरला, दुखला असेल. विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? सगळ्या बोटी थांबल्यात.

"तुमी सगली बोलत व्हतात, आला, आला," ती म्हणाली. "मना पन खरं वाटलं."

यावर मला रागही करता येईना. स्वतःच्या हाताने लावलेला दिवा, आणि तिलाच वाटलं की तो नवऱ्याने लावला. आईच्या हातात तांदूळ, दारात शेजारणी हसताहेत, पुढ्यात त्याच्यासाठी खोवलेला नारळ. त्या सगळ्यात बसून तिने स्वतःला जागं केलं आणि वर आली. माझ्याने झालं असतं का, मी अजून विचार करते.

आईला तिनेच सांगितलं, माझ्यादेखत. आईने तांदळाचं ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीला टेकून बसली.

धक्क्यावर आम्ही दोघी पळालो. मी पुढे, ती मागे. तिथे मीच बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटण्याआधी तिने सांगून टाकलं, मोठ्याने, सगळ्या पुरुषांसमोर, जी कधी सासूसमोरही मोठ्याने बोलली नव्हती. एकाने शिवी हासडली. दुसरा म्हणाला, शिव्या नंतर, पाणी चाललंय. इंजिनं धडधडली. पहिली बोट निघाली, दुसरीचा तळ वाळूला घासला, अडली, खलाशांनी बांबू लावले आणि ती निघाली. मागे वाळू दिसायला लागली होती.

त्यानंतरची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मी सांगत नाही. आई भावजयीशी एक अक्षर बोलली नाही. भावजय जेवली नाही. मी खेळाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला तीन बोटी आल्या, मधली दोरखंडाने ओढून आणलेली. गिअर तुटला होता, बॅटरी बसली होती, वायरलेस आणि फोन सगळं बंद. मुरुडच्या खाली, खडकांपासून थोड्या अंतरावर, नांगर टाकून वाऱ्यात लोंबकळत होते. अंधार पडता पडता सापडले. सगळे धड होते. कोर्लईहून त्या खलाशाची आई आली होती, तिने मुलाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि मग त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

भाऊ धक्क्यावर उतरला. ओठ फुटलेले, डोळे लाल. लोकांनी विचारलं काय झालं, कसं झालं. त्याला दिव्याचं काही माहीत नव्हतं, बोटीवर कोणी सांगितलं नव्हतं. तो सहज बोलावं तसं बोलला, "नांगराचा दोर तुटत आला व्हता. अजून एक भरती आमी काय बघितली नसती."

ज्याने शिवी दिली होती तो पाण्याकडे बघायला लागला. भावजय सगळ्यांच्या मागे उभी होती, बर्फाच्या खोक्यांजवळ. ती ओल्या फरशीवर खाली बसली.

हिशेब केला तर खिडकी उघडली नसती तर बोटी वेळेवरच निघाल्या असत्या. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. पण तो दिवा पाहून गावभर ओरडत गेलेली मी होते, आणि तो विझवायला पाणी उतरायच्या आत पोचलेली ती.

आई गर्दीतून मागे गेली. मुलाला अजून तिने हातही लावला नव्हता. तिने भावजयीला काखेत हात घालून उठवलं, तिचं ओलं पातळ झटकलं आणि तिला पुढे आणून भावासमोर उभं केलं.

"हिच्यामुलं आयलास," ती म्हणाली.