कानातलं जुनं भोक

पडघ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातला, मलमपट्टी करणारा तो ड्रेसर माणसांशी तुटक बोलायचा आणि म्हशींची मात्र घरच्यांसारखी चौकशी करायचा. आमच्या संघटनेची पत्रकं तो न वाचताच खिशात कोंबायचा. मला चीड यायची. दुभती जनावरं देण्याच्या सरकारी योजनेच्या नावाखाली तीच म्हातारी जनावरं गावोगाव वाटली जातात, हे त्याला ठाऊक नव्हतं की काय?

एका वाटपात वाडीवरच्या बाईला म्हैस मिळणार होती. कानात सरकारी बिल्ला मारायला तो पुढे झाला, कान चाचपला आणि थांबला.

"साहेब, हितं आधीचं भोक हाय. ही आधी वडपे गावात वाटलेली म्हस. आटलीय आता."

"दुसऱ्या कानात मार," वाटपाला आलेले अधिकारी साहेब म्हणाले.

त्यानं बिल्ला मारायचा चिमटा साहेबांपुढे धरला. "तुमीच मारा."

साहेबांनी हात पुढे केला नाही. म्हैस पुन्हा टेम्पोत चढवली गेली.

साहेबांना सोडून बाई ड्रेसरवरच उसळली, "तुज्यापायी रिकामं दावं घेऊन चालले. आता मला म्हस कवा?"

त्यानं चिमटा पिशवीत टाकला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. एरवी कुणालाही जाब विचारत असे मी; आता हातातली पत्रकं खिशात कोंबली.