फरशीवरचा ठिपका

सकाळी केर काढताना फरशीवर लाल ठिपका दिसला. राणी माजावर आली होती.

राणी माझी कुत्री नव्हे. तिचा मालक पिल्लं विकतो. ती राहते, खाते, झोपते माझ्याकडे. माजावर आली की मी फोन करायचा; तो घेऊन जातो आणि पिल्लं दूध सोडून खायला लागली की तिला परत आणून देतो. चार वेतं झाली की राणी माझी, असं ठरलं आहे. तीन झाली. तिसऱ्या खेपेला परत आली ती आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती.

ठिपका पुसायला वाकले आणि सासूबाई आठवल्या. त्या माझे दिवस मोजायच्या. "या महिन्यात उशीर झाला का गं?" असं चारचौघींत विचारायच्या. मला पाच मुलं झाली. हवीत का, हे कोणी विचारलं नाही, आणि असं विचारतात हे मलाही ठाऊक नव्हतं. बाई वाईट नव्हती. घरात ते काम तिच्याकडे होतं. आता ते माझ्याकडे आहे.

दुपारी मालकाचाच फोन आला. "काय आजी, राणीबाईंची काही खबर?"

"नाही."

"दिवस तर भरले. वय झालं की काय तिचं?"

"तिचं कशाला, माझं झालंय. मला हल्ली नीट दिसत नाही."

तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

आता पुढचा माज सहा महिन्यांनी. तोवर राणी त्याचीच राहील, पण इथे पडून राहील.