गच्चीवरच्या इटलीची रंगीत तालीम

सौदी अरेबियात बरीच वर्षं काढली की माणसाच्या रागाला ठरलेली वाट सापडते. कुणी कफीलवर, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकावर चिडतो, कुणी धुळीच्या वादळांवर, कुणी इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या खेट्यांवर. माझा सगळा राग मात्र एकाच माणसाने खाल्ला आहे आणि तो माणूस माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. इतका हेकट, इतका आवाजी आणि इतका संताप आणणारा गृहस्थ आमच्या हफ्र अल बातिनपासून मक्केपर्यंत शोधून सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगतो. पेशाने ते भूलतज्ज्ञ. गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात रोग्यांना म्हणे इतक्या हळुवारपणे झोपवतात की शुद्धीवर आलेला वाळवंटातला म्हातारा बदू त्यांचा हात धरून दुवा देतो. माझा अंदाज असा की तिथे दिवसभर दाबून धरलेला आवाज डॉक्टर संध्याकाळी आमच्यासाठी घरी घेऊन येतात.

मूळचे सांगलीचे. तरुणपणी हौशी नाटकमंडळीत होते, पण रंगमंचावर एकदाही पाऊल ठेवलं नाही. कायम विंगेत उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. पुढे नाटक सुटलं, तालमी सुटल्या नाहीत. जगात जे जे बिघडतं ते तालीम न केल्यामुळे, यावर त्यांची श्रद्धा आहे. मी इथला गाडीचा परवाना काढायला निघालो, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग म्हणून माझ्या हातात स्टीलचं ताट दिलं, मला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः परीक्षक होऊन मोडक्यातोडक्या अरबीत माझ्यावर खेकसले. परीक्षेच्या दिवशी खरा परीक्षक इतका सौम्य निघाला की मी भांबावून नापास झालो. "तालीम कमी पडली," डॉक्टर म्हणाले. ते ताट त्यांच्याच डोक्यात घालावं असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

पण ताटापर्यंत ठीक होतं. इटलीने माझी सहनशक्ती संपवली.

झालं असं, की एका शुक्रवारी जेवणानंतर आमच्याकडे सुट्टीचा विषय निघाला. डॉक्टरांच्या बायकोचं, वहिनींचं, माहेर हर्णैचं. अंगणात लाटांचा आवाज ऐकत वाढलेली ही बाई लग्नानंतर आधी सांगलीला आणि मग या गावी येऊन पडली, जिथून समुद्र गाठायचा तर गाडीत अर्धा दिवस जातो. दरवर्षी भारतात जायच्या, पण ती सुट्टी लग्नं, मुंजी, बँका आणि कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनात संपायची. वहिनी कधी काही मागत नाहीत. त्या दिवशी ताटं उचलता उचलता सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला एकदा अशा ठिकाणी जायचंय, जिथे समुद्र असेल आणि नातेवाईक नसतील." माझ्या बायकोने लगेच मोबाईलवर इटलीच्या किनाऱ्यावरची गावं दाखवली. कड्यावर चढत गेलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली होड्या, लिंबांच्या बागा. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "उन्हाळ्यात चौघं जायचं. पण तालीम करून."

त्या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. पुढच्या शुक्रवारपासून आमच्या इमारतीची इटली झाली. त्या गावांत म्हणे गाडी आत जात नाही, सामान उचलून पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून आम्ही भरलेल्या बॅगा घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचो, आणि वर डॉक्टर घरमालकीण होऊन कंबरेवर हात ठेवून उभे असायचे. किल्ली मागताना कुणी हसून 'बोंजोर्नो' म्हटलं नाही की परत खाली. मग ते वेटर व्हायचे आणि खांद्यावर पंचा टाकून आमच्यावर डाफरायचे: "कॉफी उभ्याने प्यायची, बसलात की दुप्पट पैसे." मग होडीवाले. पाण्याच्या टाकीशेजारी जुनी गादी टाकायची, ती ते पायाने हलवायचे आणि आम्ही तोल सांभाळत तिच्यावर चढायचं. वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, मी हर्णैची आहे. चालता येण्याआधी होडीत बसले." डॉक्टर ओरडले, "ती होडी वेगळी. डावा पाय आधी." मी कंपनीत दिवसभर पाण्याचे पंप बघून यायचो आणि संध्याकाळी एका गादीला लंगर टाकायला शिकायचो. रक्त नुसतं उकळायचं.

त्यातच हारिसने घोळ घातला. हारिस म्हणजे आमच्या इमारतीचा राखणदार. रोज भरलेल्या बॅगा वर-खाली होताना बघून त्याने तर्क केला की ही मंडळी कायमची देश सोडून निघाली, म्हणजे इथल्या भाषेत एक्झिटवर चालली. एक्झिटवर जाणारा माणूस घरातलं सामान स्वस्तात विकतो, हे या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी खालचा केरळी दुकानदार फ्रीज बघायला आला, त्याच्यामागून एक पाकिस्तानी इलेक्ट्रिशियन एसीसाठी, आणि दोघांचं डॉक्टरांच्या सोफ्यावरून भांडण जुंपलं. डॉक्टर तालमीतून पंचासकट खाली आले. "हम इटली जा रहा है, एक्झिट नहीं जा रहा," ते गरजले. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "ठीक है डॉक्टरसाब, लेकिन फ्रीज का कितना?" त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

सगळ्यात छळवादी तालीम शेवटची. तिथे जाऊन सगळ्यात महत्त्वाचं काम काय करायचं, तर काहीच करायचं नाही, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. गच्चीच्या कठड्याशी प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या मांडायच्या, समोरचं वाळवंट हा समुद्र समजायचा आणि सूर्य बुडेपर्यंत नुसतं बसायचं. डॉक्टर मागे उभे. मोबाईल काढला की ओरडा, बोललं की ओरडा, पाय हलवला तरी ओरडा. "नुसतं बसता येत नाही तुम्हाला? कसली माणसं आहात?" मी एकदा वैतागून म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही कधी बसणार? तुमची तालीम नको?" ते म्हणाले, "माझं पाठ आहे." मला ते उत्तर उर्मट वाटलं, दुसरं काही वाटलं नाही.

निघायचा दिवस आला. दम्मामहून विमान होतं. डॉक्टरांचं तिकीट हॉस्पिटल देणार होतं, म्हणून ते वेगळं येईल, असं ते सांगत आले होते. त्यांनी गाडी चालवली, वाटेत तिघांची उजळणी घेतली. विमानतळावर डिकी उघडली आणि त्यातून तीनच बॅगा काढल्या.

"माझी रजा नामंजूर झाली," ते म्हणाले. "दुसरा भूलतज्ज्ञ नोकरी सोडून गेला. बदली माणूस मिळत नाही. मी गेलो तर ऑपरेशनं बंद पडतील."

वहिनींनी विचारलं, "हे कधी कळलं?"

"तालमी सुरू करायच्या आधी."

मग मी वहिनींना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. भर विमानतळावर, हर्णैच्या बंदरावर ओरडावं तशा त्या ओरडल्या. "मला विचारलंत? मी एकटी जाईन असं ठरवलंत कुणाला विचारून? इतके दिवस गाद्या हलवत बसलात, एक शब्द तोंडातून काढता आला नाही?" डॉक्टर मान खाली घालून उभे होते. एवढंच म्हणाले, "तू कधी एकटी गेली नाहीस कुठे. म्हणून सगळं बसवून घेतलं. आता माझी गरज नाही तिथे." आणि बॅग वहिनींच्या हातात दिली. मला इतका राग आला होता की मी त्यांचा निरोपही घेतला नाही. त्या माणसाने सबंध नाटक बसवलं होतं आणि त्यात स्वतःला एक खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती, आणि हे गच्चीवर रोज माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

इटलीत काहीही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही धाप न लागता पायऱ्या चढलो, घरमालकिणीला हसून बोंजोर्नो म्हटलं, कॉफी उभ्याने प्यायलो. वेटर फार गोड होता, त्यामुळे मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. होडीवाल्याने वहिनींना हात पुढे केला, तर त्या तो न धरताच टुणकन आत उतरल्या, डावा पाय आधी. संध्याकाळी धक्क्यावरच्या बाकावर आम्ही ओळीने बसलो. समोर खराखुरा समुद्र होता, पाण्यावर ऊन उतरलं होतं.  वहिनी म्हणाल्या, "सगळं आहे इथे. पण मागून कुणी ओरडत नाही ना, म्हणून बसल्यासारखंच वाटत नाही." माझी बायको तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. मी त्या सुंदर गावाकडे रागाने बघत बसलो.

परत आलो त्या शुक्रवारी वहिनींनी आम्हा दोघांना गच्चीवर बोलावलं. खुर्च्या चार होत्या. मधल्या एका खुर्चीवर त्यांनी डॉक्टरांना बसवलं आणि पंचा स्वतःच्या खांद्यावर टाकला. डॉक्टर लगेच उठायला लागले, "अगं, खुर्ची अशी नसते, कोन चुकतोय."

"तुम्ही गेला होतात का? मी जाऊन आलेय," वहिनी म्हणाल्या. "खाली बसा. नुसतं बसायचं."

आणि तो माणूस बसला. समोर नेहमीचं वाळवंट, लांबवर ट्रकांची ये-जा. थोड्या वेळाने, रोग्याशी बोलतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "तिथे बसल्यावर पाण्याचा आवाज येतो का गं?" वहिनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "येतो. दगडाला लागून परत फिरताना जरा जास्त येतो." डॉक्टरांनी डोळे मिटले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हॉस्पिटलचा होता, कुणाचं तरी तातडीचं ऑपरेशन. बदली माणूस अजूनही आलेला नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा. पेशंट थांबणार नाही."

ते घाईने जिना उतरले. आम्ही उठायच्या बेतात होतो, तोच खालच्या वळणावरून त्यांचा आवाज आला, "कुणी उठायचं नाही. मी येतो परत. मोबाईल बाहेर काढलात तर याद राखा."

मधली त्यांची खुर्ची रिकामी राहिली. आम्ही तिघं समोर बघत नुसते बसून राहिलो. सूर्य बुडाला तरी कुणी मोबाईल काढला नाही.