येऊन राहिला

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मी दारुड्या नवरा झाले. ओढणी मफलरसारखी गळ्याभोवती टाकली, कूलरसमोर पाय फाकवून उभी राहिले आणि अशी गरजले की चहा आणणारी बाई दारातूनच परत गेली. तिसऱ्या दिवशी सासू झाले, चौथ्या दिवशी ठाण्यातला हवालदार. हवालदाराला टाळ्या पडल्या. शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवतेय आणि तितकीच वर्षं स्नेहसंमेलनाची नाटकं बसवतेय. उन्हाळ्याच्या सुटीत कुणी मंच दिला तर मी सोडणार थोडीच.

मंच म्हणजे अमरावतीतल्या एका संस्थेचा तळमजला. अत्याचार झालेल्या बाईबरोबर ठाण्यात, दवाखान्यात, कचेरीत जाणारी ‘साथी’ तयार करायची, असा दहा दिवसांचा वर्ग होता. साथी म्हणजे वकील नव्हे, पोलीस नव्हे, नातेवाईक तर नव्हेच. बाईच्या समोर नाही, शेजारी बसायचं. ‘इतके दिवस गप्प का राहिलीस’ हे विचारायचं नाही. ती रडली तर पाठीवर हात ठेवण्याआधी तिला विचारायचं. आणि शेवटचा नियम शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या: तिचे शब्द तिचेच ठेवा.

मी तो वहीत टपोऱ्या अक्षरात उतरवून घेतला. अजून आहे तिथे. अक्षर खरंच छान आलंय.

सरावासाठी मला एका जुन्या साथीच्या हाताखाली दिलं. ती परतवाड्याजवळची भाजीवाली. सकाळी बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकायच्या आणि दुपारी बायांची कामं करायची, असं तिचं अनेक वर्षं चाललेलं. शिक्षण सातवी. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “म्याडम, तुमी नवरा मस्त करता म्हणते सारे. चुप बसता येते का?”

मी म्हटलं, “शिकतेय.”

“लवकर शिका.”

परतवाडा, अंजनगाव करत आम्ही एसटीने अकोटच्या अलीकडे उतरलो. तिथे फुलं आणि वांगी पिकवणारं एक घर, घरात म्हातारी आई आणि तिशीतली मुलगी. मुलगी आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याचा मार चुकवून माहेरी आलेली. पण माहेरी आल्याने मार चुकला नव्हता. नवरा मोटारसायकलवर एक दिवसाआड यायचा, अंगणात उभा राहून शिव्या द्यायचा, हाती लागली तर तिला मारायचा, नाही लागली तर वांग्याची झाडं उपटून जायचा. तिला एकच गोष्ट हवी होती. यानं या दारात पाऊल टाकायचं नाही, असा कोर्टाचा कागद. त्यासाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा, मग तिथला अधिकारी तो अहवालासह कोर्टाकडे पाठवतो.

ती सांगत गेली. “त्यानं मले लई मारलं. आता दोन महिन्यापासून तो मायच्या घरी येऊन राहिला.”

माझ्या हातात पेन होता. आता बावीस वर्षं ज्या बाईनं ‘मले’ दिसलं की लाल शाईनं ‘मला’ केलंय, तिच्या हातात पेन दिल्यावर काय होणार? मी तिची कहाणी धुऊन, पिळून, इस्त्री करून कागदावर मांडली. ‘माय’ची आई केली, ‘मारलं’चं ‘वेळोवेळी मारहाण केली’ केलं. शेवटचं वाक्य लिहिलं, ‘गेल्या दोन महिन्यांपासून पती माझ्या आईच्या घरी येऊन राहिला आहे.’ कागद वाचून दाखवायचा असतो, पण एसटीची वेळ झाली होती. तिनं विश्वासानं सही केली. भाजीवाली म्हणाली, “वाचून दाखवा ना तिले.” मी म्हटलं, “अहो, तिचंच तर आहे सगळं.”

अर्ज दिला. पंधरा दिवस गेले, वीस गेले. तिच्या घरी ना कुणी आलं, ना नोटीस. चोविसाव्या दिवशी तिचा फोन आला. नवरा आला होता, आणि तिला आतल्या खोलीत जायला वाट मिळावी म्हणून आई मध्ये उभी राहिली. त्यानं आईचं मनगट पिरगाळून मोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी कचेरीत. मी, भाजीवाली, मुलगी आणि प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली आई. अधिकारी पुण्याकडचे, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी फाइल काढली आणि शांतपणे म्हणाले, “हे प्रकरण बंद आहे.”

“बंद?” मी विचारलं. “कोणी केलं?”

“मीच. समेट झालाय ना यांचा.” त्यांनी शेरा वाचून दाखवला. ‘पती अर्जदाराच्या माहेरी एकत्र राहत असल्याने उभयतांत समेट झाल्याचे दिसते. कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांच्याकडे. मग त्यांनी माझा कागद फिरवून माझ्यासमोर धरला आणि शेवटच्या वाक्याखाली बोट ठेवलं.

येऊन राहिला आहे.

आमच्याकडे ‘येऊन राहिला’ म्हणजे येतो आहे, येतच असतो. जेवून राहिला म्हणजे जेवतोय, झोपून राहिला म्हणजे झोपतोय. त्यांच्याकडे ‘येऊन राहिला’ म्हणजे बॅग घेऊन आला, अंथरूण टाकलं, मुक्काम केला. मी ‘मले’ पकडलं, ‘माय’ पकडली, आणि हे मात्र माझ्या कानाला खटकलंच नाही, कारण मी स्वतः वऱ्हाडातली. घरी मीही तसंच बोलते. कागद पूर्ण वऱ्हाडीत असता तर परक्या माणसानंही थांबून विचारलं असतं. माझ्या शुद्ध मराठीनं त्याला शंका यायला जागाच ठेवली नव्हती.

माझी चूक होती. ती मी त्याच टेबलावर कबूल केली. पण आजही माझं डोकं तापतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या अर्जावर मुलीचा फोन नंबर होता, घराचा पत्ता होता. मार खाल्लेल्या बाईचा नवरा अचानक सासुरवाडीत नांदायला आला, हे त्या माणसाला नवलाचं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. फाइल कमी झाली. एक फोन करून ‘ताई, तो राहतो का तिथे?’ एवढं विचारायला किती सेकंद लागले असते?

मुलगीच आधी बोलली. “राहिला? कुठी राहिला, साहेब? चाला घरी, त्याचं अंथरूण दाखवा मले.”

“हे बघा, लिहिलंय तसं मी वाचलं,” साहेब म्हणाले. “‘येतो’ म्हणायचं होतं तर ‘येतो’ लिहायचं.”

भाजीवालीनं खुर्ची ओढून घेतली. “साहेब, तुमी इथं काय करून राहिले?”

“म्हणजे? नोकरी करतोय.”

“नाही जी, नीट आयका. नौकरी करून राहिले ना?”

“हो, करतोय ना.”

“का नौकरी करून मंग नुसते राहिले?”

कोपऱ्यातल्या कारकुनानं तोंड फाइलमागे नेलं. साहेबांचे कान लाल झाले.

“तीन साल झाले तुमाले वऱ्हाडात,” भाजीवाली म्हणाली. “चहावाला तुमाले रोज विचारते, साहेब, येऊन राहिले का. तवा बिस्तर घेऊन जाता का त्याच्या टपरीत? तिथं समजते, इथं कावून नाही समजत?”

साहेबांनी पेनाच्या टोपणाशी चाळा केला. मग म्हणाले, “नवीन अर्ज द्या. आज अहवाल करतो.”

“या मायचा हात आता कोण नवीन देते?” ती म्हणाली. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

अर्ज तिथेच बाकावर लिहिला. भाजीवालीनं पेन माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, “घ्या, म्याडम. आता नवरा नका बनू, मास्तरीण बी नका बनू.” मुलगी बोलत होती, मी लिहीत होते. एका ओळीला मुलगी थांबली, कागदावर वाकली आणि म्हणाली, “मी ‘मला’ नाही म्हटलं. ‘मले’ म्हटलं.” बावीस वर्षांत पहिल्यांदा मी ‘मला’ खोडून ‘मले’ केलं. ‘येऊन राहिला’ तसंच ठेवलं आणि पुढे तिच्याच तोंडचं वाक्य लिहिलं, ‘मंजे एक दिवसाआड येते अन् मारून जाते, राहत नाही.’ दोनदा वाचून दाखवलं. आईला एकदा वेगळं.

या वेळी कागद कोर्टात पोचला, हुकूमही निघाला. नवऱ्यानं घरात, अंगणात पाय टाकायचा नाही. शाळा सुरू झाली होती. मधल्या सुटीत मुलीचा फोन आला.

“म्याडम, तो आता येऊन नाही राहिला.”

मी स्टाफरूममध्ये सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वा म्हटलं. पेढे मागवायचा विचार डोक्यात आला तोवर ती पुढे बोलली.

“पन धुऱ्यावर उभा राहून राहिला. रोज. गाडी लावते अन् आमच्याकडं पाहून राहते.”

शेताच्या बांधावर. हुकुमात अंगण होतं, बांध नव्हता.

“मंग ते बी लिवा लागते,” ती म्हणाली. “मी सांगतो तसंच.”

तासाची घंटा झाली. मी वहीचं कोरं पान काढलं, लाल पेन बाजूला ठेवून निळा घेतला आणि म्हटलं, “सांग.”