आवाज बंद करून बघितलेली मालिका

मालिकेतली बाई दवाखान्यात गेली, तिनं गोळ्या सुरू केल्या, आणि आमच्या ग्रुपवर सुतक पडलं. 'मजा गेली राव.' 'येडी हुती तवाच भारी हुती.' 'कुणीतरी तिच्या गोळ्या लपवा रे.' ह्या शेवटच्याच्या खाली हसऱ्या तोंडांची रांग लागलती. त्यातलं एक तोंड माझं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी ज्यांना शिव्या देणार हाय त्यांच्यात मी पण बसलोय.

मालिका फोनवरची, मराठी, गाण्यांची. त्यातल्या बाईचं डोकं कधी सुसाट पळतंय, कधी एकदम बसतंय, आणि दोन्ही वेळेला ती गाणं म्हणते. बँकेच्या रांगेत, नणंदेच्या लग्नात, एकदा तर डॉक्टरच्या खुर्चीवर उभं ऱ्हाऊन. आम्ही लोळायचो हसून. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, सगळीकडची पोरं-पोरी त्या ग्रुपात. चालवणारा निपाणीचा, मोबाईलचं दुकान असलेला. त्याला मी अण्णा म्हणायचो.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली चार पॉवरलूम, वर आम्ही. माग सुरू झाला की माणसाला माणसाचा आवाज येत न्हाय, म्हणून आमच्यात बारकं पोरगं पण ओठ वाचतंय. 'जेवलास काय', 'कांड्या संपल्या', 'पाव्हणं आलंय, चहा ठेव', सगळं तोंडाच्या हालचालीवर. मी नकला करायला लागलो ते त्याच्यामुळंच. आवाज मी नंतर शिकलो, तोंडं आधी. शाळेत कन्नडच्या सरांचं तोंड केलो म्हणून दोन तास बाकावर उभा हुतो, आणि उभ्या उभ्या हेडमास्तरांचं केलो.

आणखी एक पद्धत हाय आमच्या गल्लीत. घरातलं झाकायचं काय बोलायचं असलं की माग सुरू असतानाच बोलायचं. ओरडून बोला, भिंतीला पण कळत न्हाय.

आक्का माझ्यापेक्षा मोठी, एकटी दोन माग सांभाळते. दोन वर्सामागं ती चार दिवस झोपली न्हाय. मागावर उभी, गात. माग बंद झाला तरी गात. आई खूश, पोरीला कामाची गोडी लागली म्हणून. पाचव्या दिवशी तिनं विणून झालेली साडी दारात बसून कात्रीनं उभी कापली आणि गल्लीतल्या बायकांना एकेक पट्टी वाटली, हसत हसत. बायका पण हसत घेत हुत्या. एकीनं तर काठाची पट्टी मागून घेतली. त्याच्यानंतर महिनाभर आक्का भिंतीकडं तोंड करून पडली. केस विंचरायचं नाव न्हाय.

मग डॉक्टरीणबाई, मग गोळ्या. पयल्या पयल्या आठवड्यात तिची जीभ जड झालती. शब्द सावकाश यायचे, तोंड कोरडं पडायचं, दर वाक्याला खालचा ओठ चाटायची. नंतर ते गेलं. पण मी ते बघून ठेवलतो. मी सगळंच बघून ठेवतो, वाईट सवय हाय.

ती मालिका घरात आणली आक्कानंच. मागाच्या खांबाला सुतानं फोन बांधायची, आवाज बंद, आणि काम करता करता ओठ वाचत बघायची. गाणी संध्याकाळी मी म्हणून दाखवायचो, त्या बाईच्या आवाजात. म्हणजे आक्कानं त्या बाईला कधी ऐकलंच न्हाय. तिची बाई माझ्या गळ्यातली.

बाईनं गोळ्या सुरू केल्यावर ग्रुपवर बोंबाबोंब चाललती तवा आक्का माझ्या फोनवर ते वाचून एवढंच बोलली, "आता ती बाई झोपायलीय रं. डोळ्याखालचं काळं गेलंय बघ तिच्या."

मी बघितलो न्हाय. मी अण्णाचा मेसेज बघत हुतो. 'भावा, गोळीच्या आधीची आणि गोळीनंतरची, दोन्ही करून टाक की. तूच करू शकतोस.'

तूच करू शकतोस म्हटलं की मी गेलो. व्हिडिओ केला. आधीची बाई: डोळे मोठे, हात वर, टकाटक गाणं. नंतरची: मान खाली, शब्द ओढत, आणि दर वाक्याला खालचा ओठ चाटायचा. मालिकेतली बाई ओठ चाटत न्हाय. एकदा पण न्हाय.

ग्रुप पेटला. 'गोळीवाली लईच भारी.' तिथनं व्हिडिओ कुठं कुठं गेला आणि शेवटी कंग्राळीच्या मावसबहिणीनं तो आक्कालाच पाठवला, कौतुकानं. 'तुझा भाऊ बघ गं, केवढा फेमस व्हायलाय.'

मी कोपऱ्यात कांड्यांवर सूत भरत हुतो. आक्कानं फोन बांधला आणि बघायला लागली. आवाज बंदच. तेवढ्यात तिच्या मागावरचा धागा तुटला. आक्काचा धागा तुटला तर ती दोन ठोक्यांच्या आत माग थांबवते, गाठ मारते, पुढं. त्या दिवशी थांबवली न्हाय. कापड तसंच पुढं जायला लागलं, मधे रेघ पडलेली, बोटभर, मग वीतभर. मग ती माझ्याकडं वळली आणि नुसत्या ओठानं म्हटली, "ही मी हाय."

मी कानाला हात लावलो. ऐकू येत न्हाय म्हणून.

ओठ वाचणाऱ्या घरात एवढं खोटं कुणी बोललं नसंल.

आक्का मागाकडं वळली. माग थांबवली आणि रेघ उसवायला बसली.

दोन आठवड्यांनी रिकाम्या कांड्यांच्या डब्यात माझ्या हाताला गोळ्या लागल्या. पाकिटातनं काढलेल्या, सुट्ट्या. रोज आईसमोर तोंडात टाकायची आणि खाली आली की डब्यात. मी मूठ भरून तिच्यासमोर धरलो. चारी माग सुरू हुते, म्हणून पोटापासनं ओरडलो, "गोळ्या का सोडलीस? परत तसंच व्हायचंय व्हय? परत साड्या कापत बसणार?"

दुसऱ्यांदा 'परत' म्हणायला आणि लाईट जायला गाठ पडली. चारी माग एकदम गप. 'साड्या कापत बसणार' हे एवढं मी शांततेत ओरडलो. गल्लीतले सगळेच माग गप झालते. टोकापर्यंत गेलं.

समोरची काकू पदराला हात पुसत दारात आली. "अगं, अजून गोळ्या चालू हायत व्हय तुझ्या? तरीच. किती हसायचीस, गायचीस गं. एकदम गार पडलीस. टाक की सोडून."

ह्या बाईनं ती मालिका बघितलेली न्हाय, ग्रुप म्हणजे काय तिला माहीत न्हाय, आणि शब्द तेच. साडीची पट्टी हिनंच मागून घेतलती, काठाची.

"काकू, तुमच्या घरात दूध उतू जायलंय," मी म्हटलो. जात नव्हतं. पण ती पळाली.

आक्का मागाच्या फळीवर बसली. "काकूवर कशाला डाफरतोस? सगळ्यांना तीच आवडत हुती. तुला पण."

"मला?"

"पयली करताना तुझे डोळे चमकत हुते. दुसरी करताना तू मेल्यागत केलास. मला दोनच दिसल्या त्यात. पयली न्हाय व्हायची, तर मग मी ती दुसरी, कायमची. व्हय का न्हाय?"

मी मुठीतल्या गोळ्या फळीवर ठेवलो.

"डॉक्टरीणबाईकडं चल," मी म्हटलो.

"तू जा. माझी नक्कल करून दाखव तिला, औषध देईल."

त्याच रविवारी निपाणीत ग्रुपचा मेळावा हुता. खानावळीच्या वरच्या हॉलात शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा आणि त्याच्या आधी माझी नक्कल. सकाळच्या बसनं गेलो. संकेश्वर येईपर्यंत मनातल्या मनात अण्णाला चार वेळा मारलो. मारामारी मला येत न्हाय, म्हणून मनातल्या मनात.

"आला, आला! गोळीवाली आली!" अण्णानं टाळ्या सुरू केल्या.

मी पुढं उभा ऱ्हायलो आणि त्यांनाच करायला लागलो. अण्णा: एका हातानं मान खाजवत, एका अंगठ्यानं टाईप करत, 'मजा गेली राव'. गडहिंग्लजची एक बाई हुती, कॉलेजात शिकवणारी. ती लिहायची, 'वेदनेतूनच कला जन्मते.' तिला केलो, चष्मा पुसत, कुणाच्या तरी वेदनेची प्लेट मागवल्यागत. पुढच्या बाकावरच्या पोराला केलो, 'गोळ्या लपवा रे' वाला. शेवटी स्वतःला केलो, फोनवर हसरं तोंड दाबताना.

हॉल फुटला. लोक मांड्या बडवायले. अण्णा व्हिडिओ काढायला लागला.

"अरं तुम्हालाच करायलोय मी!"

"व्हय रं, म्हणून तर भारी!"

मग मी हात खाली घेतलो. "ती गोळीवाली मालिकेतली न्हाय. माझी आक्का हाय. तिनं गोळ्या सोडल्यात. तुमचं वाचून, माझं बघून."

मागनं एक जण हळूच, "हे पण नक्कलच काय?"

अण्णानं खांद्यावर हात टाकला. "एवढं मनाला लावून घेऊ नगो रं. मालिका हाय ती. मजेसाठी बघतो आपण."

त्याचा हात काढलो. काय म्हटलो ते इथं लिहित न्हाय, आई वाचंल.

जिना उतरत हुतो तर एक बाई मागनं आली. तिशीची असंल, ग्रुपवर कधी काय लिहिलेलं आठवत न्हाय. "मी पण घेतो गोळ्या," ती म्हटली. "मला ते आधीचे भागच बघवत नव्हते. सगळे हसायचे आणि मला माझं घर दिसायचं. शेवटचा भाग काल रात्रीच आलाय, मी बघितलो. त्यात ती परत गाते. बारकं गाणं, भांडी घासताना. तुझ्या आक्काला सांग."

"हे ग्रुपवर का लिहीत न्हाईस?"

"लिहिलं की माझी पण नक्कल करशील की तू," म्हटली आणि वर गेली.

घरी आलो तर माग सुरू हुते. आक्काच्या समोर जाऊन ओठानं सांगितलो, ती परत गाते.

"कसं?"

"बघितलो न्हाय."

तिनं फोन बांधला. आम्ही दोघं बघत उभे. मोरी, भांडी, बाईची पाठ. मग ती वळली. ओठ हलत हुते, पण एवढे बारीक, की आक्काला पण वाचता येईना. तिनं परत मागं घेतलं. परत न्हाय. मग ती एक माग थांबवली, मग दुसरा, मला हातानं तिकडचे दोन थांबवायला सांगितली, आणि फोनचा आवाज सुरू केली. पयल्यांदा.

बाईचा आवाज जाडसर हुता. मी दोन वर्सं तो बारीक करून म्हणत हुतो.

"तुझ्यापेक्षा बरी गाते," आक्का म्हटली. आणि खांबाचा फोन सोडत, "उद्या चल. पण तिथं तोंड वाकडं करायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर दोन तास बसलो. समोर एक कंपाउंडर हुता, काय तोंड हुतं त्याचं, देवा. केलो न्हाय.

डॉक्टरीणबाईनं कागद बघितले, चष्म्यावरनं आक्काकडं बघितलं. "गुळगी याक बिट्टी?" गोळ्या का सोडलीस.

आक्कानं माझ्याकडं बोट दाखवलं. "इवन्न केळ्री." ह्याला विचारा.

मग मी सांगितलो. ग्रुप, व्हिडिओ, ओठ चाटायचं, कानाला लावलेला हात, सगळं. कन्नड माझं बाजारातलं, अडखळत गेलं. आक्का पूर्ण वेळ माझ्या ओठांकडं बघत हुती, मी एखादा शब्द गिळतोय काय ते तपासत. पयली करताना माझे डोळे चमकत हुते, तिथं गिळलो.

"ते पण सांग," ती म्हटली.