खालच्या माणसाचा शब्द

इंग्लंडातल्या आमच्या हेरफर्डशायरात, वेल्सच्या हद्दीलगत, जितकी जुनी मोठी झाडं उभी आहेत त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर आयव्हर प्रीसच्या करवतीची खूण आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. घाईचा माणूस त्या वळीसकट खोडालगत साफ कापतो आणि वर डांबर फासतो. आयव्हर वळी राखून कापायचा, आणि डांबर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुमच्या गुडघ्याला खरचटलं तर डांबर लावता का?" मग चार-पाच वर्षांत झाड ती जागा आपली आपण मिटवून घेतं. मागे बांगडीसारखा गोल वण राहतो. असा वण दिसला की मी चालत्या गाडीतूनही सांगतो, हे आयव्हरचं काम.

मी डेन्झिल ग्विलियम. त्याचा खालचा माणूस. बावीस वर्षं. वर चढणाऱ्याची कीर्ती होते, खालच्याची होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण वरची फांदी दोराने अलगद उतरवून घेणं, माणसांना लांब ठेवणं आणि वरच्या माणसावरची नजर न काढणं, हे काम मी कुणापेक्षाही कमी केलेलं नाही. माझ्या दोराखाली आजवर एकही कौल फुटलेलं नाही.

आयव्हर बुटका, रुंद, मान जवळजवळ नसलेला. जमिनीवर चालताना बदकासारखा डुलायचा. झाडावर गेला की तोच माणूस पाण्यातल्या माशासारखा हलका. झाडाला हात लावण्याआधी तो लाकडी मोगरी घेऊन बुंध्याभोवती फिरायचा आणि ठोकत ठोकत ऐकायचा. भरीव लाकूड दाराच्या चौकटीसारखं वाजतं, पोकळ लाकूड पिंपासारखं. हेल्मेटमधून बोलायची यंत्रं निघाली तेव्हा आमच्या कॅरिसने हौसेने तीन विकत आणली. आयव्हरने आपलं खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "कानात तुम्ही दोघं बडबडत बसलात तर झाडाचं मला काय ऐकू येणार?"

ही कॅरिस बफ्टन आमच्यातली तिसरी. चौतिशीची, सडपातळ, जिभेला धार. चढायची तिची रीतसर परीक्षा झालेली होती, पण मोठं झाड आलं की आयव्हर तिला फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रावर उभं करायचा आणि आपण वर जायचा. ती म्हणायची, "मी काय फक्त सफरचंदाची झाडं भादरायला जन्मले?" तो म्हणायचा, "सफरचंदावरून पडलीस तर घरी चालत जाशील."

दोराच्या बाबतीत आयव्हर फार कडक. चढायच्या दोरावर पहिल्या दिवसाची तारीख लिहिलेली पट्टी असायची. दिवस भरले, किंवा करवतीचा नुसता ओरखडा जरी लागला, की तो दोर अंगणात पसरून त्याचे वाव-वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून भरतील एवढ्या लांबीचे, तुकडे करायचा. अख्खा ठेवला तर कुणीतरी मोहाने त्यावर चढेल, म्हणून. ते तुकडे गावात वाटायचे. आमच्या गावची कुत्री आयव्हरच्या दोरांनी फिरतात, फाटकं त्याच्या दोरांनी बांधलेली आहेत, आणि चर्चची छोटी घंटा सहा वर्षं त्याच्याच दोराने वाजली.

आणि एक नियम होता. खालचा माणूस 'खाली' म्हणाला, की वरच्याने खाली यायचं. 'का' ते जमिनीला पाय लागल्यावर विचारायचं. आयव्हर तेवीस वर्षांचा असताना एमरिस लेलो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे खालचा माणूस होता. ॲश नावाच्या एका झाडाच्या मुळाशी, पाल्याखाली, आयव्हरला काळी बुरशी दिसली. एमरिस साठ फुटांवर होता. एवढ्या जाणत्या माणसाला आपण काय सांगायचं, म्हणून आयव्हर गप्प राहिला. झाड मुळातून उन्मळून पडलं. एमरिस जगला, पण उरलेलं आयुष्य कुबडीवर. मला कामावर घेताना आयव्हरने पगाराच्या आधी हा नियम सांगितला होता. बावीस वर्षांत तो शब्द वापरायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट दिसायला लागली. सकाळी चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा. गार हवेत त्याची बोटं शेंड्यापासून दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी पडायची. करवतीच्या थरथरीने हे होतं. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, मग शर्टाचं बटण लागत नाही.

"डॉक्टरकडे जाऊन ये," मी एकदा म्हणालो.

"कशाला? तो म्हणेल करवत सोडा. ते ऐकायला दोन तास बाकावर कोण बसणार?"

मी पुढे बोललो नाही. चूक माझीच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी गप्प राहिलो.

खरी गोष्ट कडीची होती. कमरेच्या पट्ट्याला दोर अडकवायची आमची कडी तीन हालचालींनी उघडते. वर ढकल, पीळ, मग आत दाब. सोडली की आपोआप मिटते आणि 'खट्' वाजते. ती मिटली की नाही ते डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं आणि ओढून पाहायचं. चाळीस वर्षं चढलेला माणूस बघत नाही. त्याची बोटंच बघतात. आयव्हरची बोटं आता बघत नव्हती. ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आलं की तो कडी अडकवताना मान तिरकी करून कान खाली नेतो. तो कडीचा 'खट्' ऐकत होता. चाळीस वर्षं झाडाचं ऐकलेल्या माणसाने कानावर भरवसा ठेवला, एवढंच. दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीसुद्धा नसती.

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात आम्ही गॉडसॉलबाईंच्या अक्रोडावर गेलो. अक्रोडाला वसंतात करवत लावू नये, पाणी गळत राहतं. पानं पिवळी व्हायच्या आत उरकावं. बाई ऐंशीच्या पुढच्या. झाड त्यांच्या आजोबांनी लावलेलं. त्याची एक थोराड फांदी स्वयंपाकघराच्या छपरावर आडवी आलेली, आणि तिच्या बगलेत ढोली. विमावाले म्हणत होते झाडच काढा. बाई म्हणत होत्या, आयव्हर सांगेल ते.

आयव्हर मोगरी घेऊन फिरला. "झाड ठणठणीत आहे. एवढी एक फांदी तुकड्यातुकड्याने उतरवतो. तुमच्या नातवंडांना अक्रोड मिळतील."

"नातवंडं ऑस्ट्रेलियात आहेत," बाई म्हणाल्या. "मला मिळाले तरी पुरे."

खाली पडलेल्या अक्रोडांच्या हिरव्या साली आम्ही सकाळीच उचलल्या होत्या. त्यांचा रंग कातडीवर चढतो आणि आठवडाभर जात नाही. आयव्हरचे हात तपकिरी झाले होते. त्यामुळे त्या दिवशी त्याची बोटं पांढरी पडली की नाही, हे मला दिसायची सोय नव्हती.

दहा वाजता तो वर गेला. आकाश निरभ्र होतं, पण वेल्सच्या डोंगरांकडून वारा सुटला. जोराचा नव्हता, काम थांबवण्यासारखा मुळीच नाही. फक्त अक्रोडाचा सगळा पाला एकदम बोलायला लागला.

चाळीस फुटांवर त्याला त्या थोराड फांदीवर जायचं होतं. अशा वेळी आखूड दोर जवळच्या फांदीभोवती घेऊन कमरेला अडकवायचा, त्यावर अंगाचा भार टाकून पाहायचा, मग मोठा दोर सोडून नव्या बेचक्यातून घ्यायचा. तेवढी दोन मिनिटं माणूस फक्त आखूड दोरावर असतो.

त्याने आखूड दोर फांदीभोवती घेतला. कडी कमरेपाशी नेली. मान तिरकी केली. वारा वाहत होता. त्याने मान आणखी खाली नेली, क्षणभर तसाच राहिला, आणि मग हात मोठ्या दोराकडे गेला. भार टाकून पाहायचं तो विसरला.

उन्हात ती कडी चमकली. तिचं तोंड बोटभर उघडं दिसलं. दिसलं असं मला वाटलं. चाळीस फुटांवरून खात्री कशी देणार? मी चुकलो असेन तर काय होईल, तेही मला माहीत होतं. मी नुसती कडी थांबवत नव्हतो. एकदा 'खाली' म्हटलं की बोटांचं बोलणं निघणार, आणि ते निघालं की पुन्हा झाकता येणार नाही. एकसष्ट वर्षांच्या माणसाला त्याच्या एकमेव जागेवरून मी उतरवत होतो.

"खाली!" मी ओरडलो.

त्याचा हात मोठ्या दोराच्या गाठीवर होता. तो हात तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, कडीकडेही बघितलं नाही. गाठ तशीच ठेवून, आखूड दोराचं दुसरं टोक सोडून तो फांदीवरून ओढून घेऊन, तो मोठ्या दोरावरून सरसर खाली आला. बूट गवताला लागले तेव्हा म्हणाला, "का?"

"कडी मिटली नव्हती."

"मिटली होती. मी ऐकली."

"एवढ्या वाऱ्यात काय ऐकलंस तू?"

"बावीस वर्षं खालून बघतोस आणि आता मला कडी शिकवतोस?"

"बघ तरी कमरेकडे."

त्याने बघितलं. कडी पट्ट्याच्या कडेला लटकत होती, आणि तिच्या तोंडात अक्रोडाच्या पानाचा एक देठ अडकून बसला होता. पेन्सिलीएवढा जाड, हिरवा. तोंड बोटभर उघडं.

कॅरिस भुग्याच्या यंत्राजवळ उभी होती. ती जवळ आली आणि तिने वाकून देठ बघितला.

आयव्हरने देठ काढायचा प्रयत्न केला. दोनदा बोटं घसरली. तिसऱ्यांदा कॅरिसने तो काढून फेकला.

गॉडसॉलबाई चहाचा ट्रे आणि मनुकांचा केक घेऊन दारात आल्या. "झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग सगळेच खाली काय करताय? फांदी आपली आपण उतरणार आहे?"

आयव्हर हसला. थोडंसंच, पण हसला. त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि सावकाश चहा संपवला. मग त्याने पट्टा सोडला. बक्कल उघडायला वेळ लागला. मदतीला पुढे व्हावं असं वाटलं, पण मी हात मागे ठेवले. पट्टा गवतावर ठेवून तो कॅरिसला म्हणाला, "तुझा पट्टा आण. ढोलीजवळ पाय टाकू नकोस. खालून आधी एक काप, मग वरून. कडी डोळ्यांनी बघायची. ऐकायची नाही."

"कळलं," कॅरिस म्हणाली.

ती वर गेली आणि आयव्हर माझ्या शेजारी उभा राहिला. पाच मिनिटं त्याने कळ काढली.

"डावीकडे घे! डावीकडे! अगं, दोर त्या फांदीच्या मागून—"

वरून कॅरिसचा आवाज आला, "आयव्हर, खालचा माणूस एकच शब्द बोलतो! तो बोलायचा असेल तर बोल, नाहीतर केक खा!"

बाईंनी त्याच्या हातात केक ठेवला.

फांदी सात तुकड्यांत उतरली. प्रत्येक तुकडा मी दोरावर तोलून घेतला, एकही कौल हललं नाही. कॅरिसने शेवटचा काप वळी राखून दिला. आयव्हर बराच वेळ मान वर करून तो काप बघत होता. "एक बोट जास्त ठेवलंय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "चालेल."

संध्याकाळी, उजेड असतानाच, आमच्या अंगणात त्याने आपला चढायचा दोर पसरला. नारिंगी, मधून निळा धागा. पट्टीवर तारीख गेल्या मार्चची. दोराला काहीच झालेलं नव्हतं.

"हा कॅरिसला चालेल की," मी म्हणालो.

"तिचा तिला आहे. हा घरात अख्खा राहिला तर कुणीतरी मोहाने वर जाईल." त्याने वाव मोजला आणि चाकू दोरावर ठेवला. मग उचलला, आणि मूठ माझ्याकडे केली. "तू काप, डेन्झिल. बोट कुठे संपतं आणि दोर कुठे सुरू होतो, ते मला कळत नाही."

एवढं तो बोलला. मी कापत गेलो, तो मोजत आणि ताणून धरत गेला. पहिला तुकडा त्याने गॉडसॉलबाईंच्या कोंबड्यांच्या दारासाठी बाजूला ठेवला, दुसरा माझ्याकडे टाकला. "तुझं फाटक कधीचं तारेने बांधलंय. लाज वाटत नाही?"

"चांगला दोर मिळत नव्हता."

"आता मिळाला." त्याने मोगरी गाडीच्या पुढच्या बाकावर ठेवली, आपला पट्टा मागच्या खोक्यात टाकला. "उद्या सात वाजता. आणि ते बोलायचं यंत्र कुठंय रे माझं? कॅरिसला वर ऐकू जायला हवं."